शिक्षकांचे शिक्षक : काशीतील मराठी गणिती बापूदेव शास्त्री

वाराणसी : शिकवण्याचा अधिकार परंपरेने लाभलेल्या विद्वानाला पुन्हा विद्यार्थी होण्यास तयार करणे, हे शिक्षणक्षेत्रातील अत्यंत कठीण काम होय. एकोणिसाव्या शतकातील काशीत हे काम एका मराठी गणितज्ञाने सुमारे साडेचार दशके केले. महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री हे त्यांचे नाव. प्रौढ पंडितांना आणि भावी अध्यापकांना नवे गणित कोणत्या भाषेत व कोणत्या क्रमाने शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या अध्यापनातून व ग्रंथांतून दिले.

बापूदेवांचा जन्म १८२१ साली पुण्यात झाला. नृसिंह हे त्यांचे मूळ नाव. वडिलांचे नाव सीताराम. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. मूळ ठिकाण नगर जिल्ह्यातील गोदातीरावरचे टोके. बापूदेवांचे आरंभीचे शिक्षण नागपूरच्या मराठी शाळेत झाले. तेथेच धुंडिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ या ग्रंथांचे अध्ययन केले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते मध्य भारतातील सीहोर येथे. भोपाळ संस्थानासाठी नेमलेले ब्रिटिश प्रतिनिधी लॅन्सलॉट विल्किन्सन यांचे तेथे वास्तव्य होते. या तरुणाची गणितातील गती पाहून विल्किन्सन यांनी १८३८ च्या सुमारास त्यांना सीहोरला नेले आणि तेथील संस्कृत पाठशाळेत त्यांच्या पुढील अध्ययनाची व्यवस्था केली.

विल्किन्सन यांचा शिक्षणविषयक विचार त्या काळात वेगळा होता. पृथ्वी सपाट असून मध्यभागी मेरू पर्वत आहे, ही पुराणांतील कल्पना तेव्हा सर्वत्र रूढ होती. पृथ्वी गोल आहे आणि ग्रहणे छायेमुळे होतात, हे मात्र भारतीय सिद्धान्तग्रंथांनी शतकानुशतके सांगितले होते. तेव्हा कोपर्निकसचे मत परक्या अधिकाराने लादण्याऐवजी प्रथम सिद्धान्तग्रंथ शिकवावेत आणि त्यांच्या आधारे पुढे जावे, अशी मांडणी विल्किन्सन यांनी १८३४ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून केली होती. सीहोरच्या पाठशाळेतील सुबाजी बापू यांनी याच विचाराने मराठीत ग्रंथरचना केली. शिकणाऱ्याला जे येते तेथूनच आरंभ करावा, हा धडा बापूदेवांनी तेथे घेतला. १८४१ मध्ये विल्किन्सन यांचे निधन झाले. परंतु त्यांचा विचार या शिष्याबरोबर काशीला पोहोचला.

काशीचे संस्कृत महाविद्यालय १७९१ मध्ये जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने स्थापन झाले होते. आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाची परंपरा तेथूनच सुरू होते. १८४२ मध्ये बापूदेवांची तेथे रेखागणिताचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस-एकवीस वर्षांचे होते. व्याकरण, न्याय, वेदान्त यांत मुरलेल्या विद्वानांच्या या नगरीत महाविद्यालयाचे अनेक विद्यार्थीही वयाने वाढलेले होते. त्यांपैकी कितीतरी जण पुढे स्वतः पाठशाळा चालवणार होते, पंचांगे करणार होते, मुहूर्त व ग्रहणे सांगणार होते. त्यामुळे येथे शिकवलेला प्रत्येक सिद्धान्त दूरदूरच्या गावांपर्यंत जाण्याची शक्यता होती. चुकीचे गणितही त्याच वाटेने पसरणार होते.

१८४६ पासून महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले जेम्स बॅलंटाइन हेही पाश्चात्त्य ज्ञान संस्कृतच्या माध्यमातून पंडितांपर्यंत नेण्याच्या मताचे होते. बापूदेवांना या धोरणाचा आधार मिळाला. मात्र वर्गातील खरी कसोटी त्यांची स्वतःची होती. इंग्रजी ग्रंथांतील गणित संस्कृतात आणताना त्यांनी शक्य तेथे परंपरेतील संज्ञाच योजल्या. युक्लिडची भूमिती सवाई जयसिंहांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ पंडितांनी अठराव्या शतकातच अरबीवरून संस्कृतात आणली होती. ज्या, कोटिज्या या संज्ञा ज्योतिषाच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित होत्या. त्यामुळे रेखागणित आणि त्रिकोणमिती हे परके शास्त्र न वाटता आपल्याच शास्त्राचा विस्तार वाटावे, अशी त्यांची मांडणी होती. या दोन्ही विषयांवर तसेच अंकगणितावर त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिले. काशीच्या मानमंदिरातील वेधयंत्रांचे वर्णन करणारी पुस्तिकाही त्यांनी सिद्ध केली.

संस्कृत न जाणणाऱ्या शिक्षकांसाठी त्यांनी हिंदीचा आश्रय घेतला. त्याच सुमारास वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या कारकिर्दीत ग्रामीण शाळांचा विस्तार सुरू झाला होता. शाळा वाढत असताना शिक्षकांच्या हाती देशी भाषेतील पाठ्यपुस्तके मात्र थोडीच होती. अशा वेळी बापूदेवांचे हिंदी बीजगणित उपयोगी ठरले आणि शासनाने त्याबद्दल त्यांचा गौरव केला.

परंपरेच्या आधारे नवे शिकवताना परंपरेची अवाजवी स्तुती होण्याचा धोका असतो. हा प्रश्न बापूदेवांच्या एका लेखामुळे विद्वानांच्या चर्चेत आला. ग्रहाची गती दिवसभर एकसारखी नसते. म्हणून एखाद्या क्षणाची गती काढण्यासाठी भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त तात्कालिक गतीचा विचार केला आहे. कोनातील सूक्ष्म बदलाबरोबर ज्येत होणारा बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे तत्त्व त्यात आहे. भास्कराचार्यांना चलनकलनाचे मूलतत्त्व अवगत होते, असे प्रतिपादन बापूदेवांनी १८५८ मध्ये केले. इंग्लंडमधील गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये त्याची दखल घेतली. त्यांनी भास्कराचार्यांच्या पद्धतीचे महत्त्व मान्य केले. परंतु अनंतसूक्ष्म राशींची कल्पना तीत स्पष्ट नसल्याचा आक्षेप नोंदवला. निकाल काहीही असो, काशीतील एका पंडिताचा युक्तिवाद लंडनच्या गणितज्ञांनी तपासावा, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती.

१८६१ मध्ये ‘सूर्यसिद्धान्ता’चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. विल्किन्सन यांनी मागे ठेवलेला ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायाचा अनुवादही बापूदेवांनी तपासून त्याच ग्रंथात समाविष्ट केला. गुरूचे अपुरे काम शिष्याने अशा रीतीने पुरे केले. पुढे १८६६ मध्ये त्यांनी मूळ ‘सिद्धान्तशिरोमणी’ संपादित करून प्रसिद्ध केला. सतराव्या शतकात काशीतच ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिणाऱ्या कमलाकरांच्या मतांचे परीक्षणही त्यांनी स्वतंत्र ग्रंथात केले. प्राचीन ग्रंथकाराविषयी आदर बाळगूनही त्याचे गणित तपासता येते, हा आदर्श त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला.

हे सारे ज्ञान लोकव्यवहारात उतरले ते पंचांगाच्या रूपाने. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नव्हती. ग्रहणाची वेळ चुकली की सामान्य भाविकालाही ते दिसत असे. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी याच कारणासाठी पंचांगसुधारणा हाती घेतली होती. काशीत बापूदेवांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग सिद्ध केले. धर्मकृत्यांचे काल बदलू शकणारा हा विषय नाजूक होता. तरीही गणिताने प्रत्यक्षाशी जुळले पाहिजे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी आणि बंगालची एशियाटिक सोसायटी या दोन्ही संस्थांनी त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. कलकत्ता विद्यापीठाचे ते फेलो होते. १८७८ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य सुधाकर द्विवेदी यांनी महाविद्यालयातील गणित-ज्योतिषाची परंपरा पुढे चालवली आणि चलनकलनावर हिंदीत ग्रंथ लिहून गुरूच्या भाषाविषयक धोरणालाही पुढची पायरी दिली.

देशात आज नवभारत साक्षरता कार्यक्रमांतर्गत पंधरा वर्षांवरील निरक्षरांना अक्षरओळखीबरोबर अंकज्ञानही दिले जाते. त्यासाठी स्वयंसेवक शिक्षक तयार करावे लागतात. बाजारात तोंडी हिशेब चोख करणारी भाजीविक्रेती किंवा पावकी-निमकी पाठ असलेला वृद्ध शेतकरी गणिताविषयी अगदी कोरा नसतो; त्याला येत नाही ती केवळ लेखी रीत. ते येणारे गणित ओळखणे, त्याचा मान राखणे आणि तेथूनच पुढची पायरी चढवणे, हे प्रौढशिक्षकाच्या प्रशिक्षणाचे मर्म आहे. बापूदेवांचे विद्यार्थी निरक्षर नव्हते, उलट शास्त्रांत पारंगत होते. पण शिकवण्याची ही वाट दोघांसाठीही एकच आहे.