बॅकला खेळणारा नील फ्रँकलिन



आपल्या शाळेला यंदा खेळाच्या साहित्यात एक फुटबॉल मिळाला. सगळ्यांना पुढे पळून गोल मारायचा असतो. मागे कोणीच थांबत नाही. गुरुजींनी मला बॅकला उभं केलं तेव्हा मी रुसून बसलो होतो. मग गुरुजींनी मला एका मोठ्या बॅकची गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

नील फ्रँकलिन याचा जन्म २४ जानेवारी १९२२ रोजी इंग्लंड देशातील स्टोक या शहरी झाला. हे शहर म्हणजे कुंभारांचं शहर. तिथे चिनीमातीच्या कपबश्या आणि ताटल्या करण्याचे पुष्कळ कारखाने होते. तिथल्या क्लबाचं नाव स्टोक सिटी. फ्रँकलिन लहान वयातच त्या क्लबात गेला. पण १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि मोठे सामने बंद पडले. तो विमानदलात भरती झाला. युद्ध संपल्यावर १९४६ साली सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

त्याची जागा सेंटर हाफची. त्या काळी तीन बॅक असायचे आणि सेंटर हाफ मधला. समोरच्या संघात जो सर्वात जास्त गोल मारणारा असेल त्याला अडवायचं हे त्याचं काम. पुष्कळ बॅक काय करायचे, बॉल आला की जोरात लाथ मारून लांब उडवून द्यायचे. (मी पण तसंच करतो.) फ्रँकलिन तसं करत नसे. तो बॉल पायाखाली शांतपणे घ्यायचा, मान वर करून बघायचा आणि आपल्या गड्याला नीट द्यायचा. समोरचा अंगावर येत असताना असं करायला फार धीर लागतो. मी करून पाहिलं तर बॉल गेला आणि गोल झाला.

१९४७ साली स्टोक सिटी पहिल्या नंबरावर येणार होती. शेवटचा एकच सामना जिंकायचा होता. तो हरले आणि चौथे आले.

इंग्लंडच्या संघात तो १९४६ पासून १९५० पर्यंत ओळीने २७ सामने खेळला. मध्ये एकही चुकला नाही. १९४७ मध्ये पोर्तुगालला त्यांच्याच देशात १०-० ने हरवलं, १९४८ मध्ये इटलीला इटलीतच ४-० ने हरवलं, त्या दोन्ही वेळी फ्रँकलिन मागे उभा होता. या सामन्यांची गोष्ट सांगताना लोक गोल मारणाऱ्यांचीच नावं घेतात. पण समोरच्याचा आकडा शून्य कोणामुळे राहिला?

आता पगाराचं सांगतो. तेव्हा इंग्लंडमध्ये नियम होता की खेळाडू कितीही चांगला असला तरी आठवड्याला १२ पौंडाच्या वर द्यायचे नाहीत. उन्हाळ्यात खेळ बंद असला की १० पौंड. मैदानात हजारो लोक तिकीट काढून यायचे, ते पैसे क्लबाला. आणि करार संपला तरी क्लबाने सोडल्याशिवाय दुसऱ्या क्लबात जाता येत नसे. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सगळे गप्प झाले. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही, हे आम्हाला सांगावं लागत नाही.

त्याच वेळी दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाच्या देशात वेगळंच चाललं होतं. १९४९ मध्ये तिथले क्लब जगाच्या फुटबॉल संघटनेपासून वेगळे झाले होते. त्यामुळे दुसऱ्या देशाचा खेळाडू आणला तर त्याच्या जुन्या क्लबाला ते काही देत नसत. ते पैसे खेळाडूलाच देत. अर्जेंटिनाचा मोठा खेळाडू डी स्टेफानो तिथेच गेला होता. बोगोटा ही त्या देशाची राजधानी. तिथल्या सांता फे या क्लबाने फ्रँकलिनला बोलावणं पाठवलं. हातात रोख रक्कम आणि इंग्लंडच्या कितीतरी पट पगार.

तेव्हा त्याच्या घरी एक लहान मुलगा होता आणि दुसरं बाळ होणार होतं. १९५० साली ब्राझील देशात जागतिक स्पर्धा होती. इंग्लंड त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणार होतं. फ्रँकलिनने घरच्या कारणासाठी येणार नाही असं कळवलं. मग मे महिन्यात बातमी आली की तो बायकोमुलाला घेऊन बोगोटाला गेला. त्याच्याबरोबर स्टोकचा जॉर्ज माउंटफर्ड हाही गेला. इंग्लंडमधले लोक भयंकर चिडले.

ही गोष्ट मी घरी वाचून दाखवली तेव्हा आईने फुटबॉलचं काहीच विचारलं नाही. ती बाई अवघडलेली असताना एवढ्या लांब कशी गेली, तिच्याजवळ कोण होतं, असं तिने विचारलं. आप्पा म्हणाले की हौस म्हणून कोणी घर सोडत नाही.

बोगोटा फार उंचावर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आणि ते शहर २६०० मीटरच्या वर. तिथे पळताना दम लागतो. भाषा स्पॅनिश, ती या लोकांना येत नव्हती. शिवाय १९४८ साली तिथे एका पुढाऱ्याचा खून होऊन मोठी दंगल झाली होती आणि देशात मारामाऱ्या चालूच होत्या. संध्याकाळनंतर बाहेर फिरायला बंदी होती. फ्रँकलिनच्या घरच्यांचं मन तिथे लागेना. तो तिथे फक्त सहा सामने खेळला. दोन-अडीच महिन्यांतच तो सगळ्यांना घेऊन परत आला. माउंटफर्ड मात्र हंगाम संपेपर्यंत राहिला. मागाहून गेलेला मँचेस्टरचा चार्ली मिटन हाही वर्षभर राहिला.

तेवढ्या दिवसांत काय झालं ते ऐका. ब्राझीलमध्ये २९ जून १९५० रोजी इंग्लंडचा सामना अमेरिकेशी होता. अमेरिकेचा संघ कच्चा समजला जात होता. इंग्लंड १-० ने हरलं. फुटबॉलमधला हा फार मोठा धक्का मानतात. फ्रँकलिन असता तर हरले नसते, असं पुष्कळांना वाटतं. पण मला असं वाटतं की त्या दिवशी पुढच्यांनीही एक गोल मारला नाही. मग बॅकला एकट्याला का बोलायचं?

परत आल्यावर त्याच्यावर काही महिने खेळायची बंदी आली. स्टोक सिटीने त्याला पुन्हा खेळवलंच नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये त्याला हल सिटी या दुसऱ्या वर्गातल्या क्लबाला २२,५०० पौंडांना विकलं. हे पैसे क्लबाला मिळाले. खेळाडूला आठवड्याचे १२ द्यायचे आणि त्यालाच २२,५०० ला विकायचं, हे गणित आम्ही फळ्यावर करून पाहिलं. १२ पौंडांप्रमाणे तेवढे पैसे मिळायला १८७५ आठवडे लागतात. म्हणजे छत्तीस वर्षं. तोपर्यंत कोण खेळणार?

हलला त्याचा गुडघा दुखावला. तरी तो तिथे काही वर्षं खेळला, नंतर लहान क्लबांतून खेळला. इंग्लंडच्या संघात त्याला पुन्हा कधीच घेतलं नाही. त्याच्या जागेवर एकामागून एक नवे गडी उभे करून पाहिले. शेवटी १९५४ मध्ये बिली राईट त्या जागेवर पक्का बसला.

आमच्या वर्गातला एक मुलगा माझ्यापेक्षा चांगला बॅक आहे. तो दिवाळी झाल्यावर आईबापाबरोबर कारखान्याला गेलाय. म्हणून तर गुरुजींनी मला तिथे उभं केलं. तो उन्हाळ्यात आला की ती जागा त्याची, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. मी पुढे खेळीन.

फ्रँकलिनने १९५६ साली आपल्या खेळावर एक पुस्तक लिहिलं. मग तो शिकवू लागला. सायप्रस नावाच्या बेटावरच्या अपोएल क्लबाला त्याने शिकवलं, म्हणजे तो पुन्हा परदेशी गेलाच. १९६३ ते १९६८ या काळात तो इंग्लंडमधल्या कोलचेस्टर क्लबाचा मॅनेजर होता. पगाराचा तो नियम १९६१ साली रद्द झाला. फ्रँकलिन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा झाला होता आणि त्याचे खेळायचे दिवस सरले होते. आता इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांतले बॅक एका आठवड्यात लाखांनी पौंड मिळवतात आणि दुसऱ्या देशात गेले तर त्यांच्यावर कोणी रागवत नाही.

१९९६ साली फ्रँकलिन वारला. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. इंग्लंडच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे २७ सामने आहेत. शेवटचा १५ एप्रिल १९५० चा, स्कॉटलंडशी. तो सामना इंग्लंडने १-० ने जिंकला.

इयत्ता चौथी