स्फटिकातील चांचल्याचा वेध

स्फटिक म्हणजे मूर्तिमंत स्थैर्य, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यातील अणू क्षणभरही स्वस्थ नसतात. लेसरच्या झोताने त्यांना उत्तेजित करावयाचे आणि लागलीच क्ष-किरणांचा अत्यल्पकालीन झोत सोडून त्या क्षणभंगुर अवस्थेचे चित्र घ्यावयाचे, हे तंत्र आज साध्य झाले आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे २००९ साली अशा कामासाठी प्रचंड खर्चाचे यंत्र सुरू झाले. मात्र या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एका पोस्टमास्तरच्या मुलीचा वाटा मोठा आहे, हे विसरता कामा नये.

कॅथलीन लॉन्सडेल यांचा जन्म १९०३ साली आयर्लंडमध्ये झाला. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. मुलींच्या शाळेत उच्च गणित व भौतिकी शिकवीत नसल्यामुळे त्यांना मुलांच्या शाळेत जाऊन बसावे लागले. पुढे विल्यम ब्रॅग यांच्या मार्गदर्शनाखाली त्या क्ष-किरणांकडे वळल्या आणि १९२९ साली लीड्स येथे त्यांनी बेंझीनचे वलय सपाट असते, हे सप्रमाण सिद्ध केले. रसायनशास्त्रातील अनेक वर्षांचा वाद त्यामुळे मिटला.

त्यानंतर संसार आला, मुले झाली. घरी बसून त्या हातानेच किचकट आकडेमोड करीत राहिल्या. अखेर घरकामाला मदतनीस ठेवता यावा म्हणून ब्रॅग यांनी पैशाची तरतूद करविली आणि त्या प्रयोगशाळेत परतल्या. उष्णतेने स्फटिकातील अणू कसे कंप पावतात, याचा माग त्यांनी छायाचित्रांवरील अंधुक डागांवरून काढला, तो त्यानंतरच्या काळात.

त्या युद्धविरोधी होत्या. नागरी संरक्षणासाठी नाव नोंदविण्यास आणि त्यापायी झालेला दोन पौंडांचा दंड भरण्यासही नकार दिल्यामुळे १९४३ साली त्यांनी महिनाभर तुरुंगवास भोगला. दोनच वर्षांनी रॉयल सोसायटीने आपले दार प्रथमच स्त्रियांना उघडले. त्या पहिल्या दोघींपैकी एक लॉन्सडेल होत्या. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या चरित्राचा बोध स्पष्ट आहे. संशोधनाचा खर्च मांडताना आपण यंत्रांच्या किमती तेवढ्या मोजतो. घरकामाच्या मदतनिसाचा पगार त्या हिशेबात कोठेच बसत नाही. परंतु ती किरकोळ रक्कम वेळेवर मिळाली नसती, तर एका असामान्य बुद्धीची किती वर्षे स्वयंपाकघरात गेली असती? आपल्या विद्यापीठांतून पदवी घेऊन घरी बसलेल्या बुद्धिमान मुलींचा हिशेब कधीतरी मांडलाच पाहिजे.