पाणबुड्यांना वाचवणारे हॉल्डेन

आपल्या सोसायटीतली तरुण मंडळी हल्ली सुट्टीत तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून येतात. समुद्रात खोल उतरलेला माणूस सुखरूप वर येतो, यामागे ज्यांची मेहनत आहे, त्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांची ओळख या स्मरणिकेत करून द्यावी असे मला वाटले.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली एडिंबरोला झाला. शिक्षण डॉक्टरीचे, पण ध्यास एकच, माणसाचा श्वास. खाणीत उतरून ते हवा तपासत, विषारी वायू स्वतः हुंगून परिणाम टिपून ठेवत. खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, तो कोसळला की माणसांनी बाहेर पडावे, ही सूचनाही त्यांचीच.

त्या काळी खोल पाण्यात काम करणारे पाणबुडे वर आले की सांधे धरून विव्हळत. कुणाचे पाय लुळे पडत, कुणी दगावे. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि माणूस झटकन वर आला की, सोड्याची बाटली फटकन उघडावी तसे, त्याचे बुडबुडे होतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ सालीच सांगितले होते. पण किती सावकाश यायचे, याचा हिशोब कुणाकडे नव्हता. ब्रिटिश नौदलासाठी हॉल्डेन यांनी तो मांडला.

लंडनला पोलादी टाकीत बकऱ्या ठेवून त्यांनी प्रयोग केले. दुखू लागले की बकरी पुढचा पाय उचलून धरी. मग १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात नौदलाची माणसे २१० फूट खोल गेली. तेरा वर्षांच्या आपल्या मुलालाही हॉल्डेन यांनी पाण्यात उतरवले! पोशाख ढगळ, आत पाणी शिरले, पण पोरगा सुखरूप वर आला.

१९०८ साली त्यांचे तक्ते छापले गेले. मला बँकवाल्याला ते गणित फार आवडते. तीस मीटरवर दाब जमिनीवरच्या चौपट, दहा मीटरवर दुप्पट. दाब निम्मा होईपर्यंत वर येणे चालते. पुढे मात्र टप्प्याटप्प्याने थांबत यायचे. पुढे तक्ते सुधारले, पण थांबत येण्याची रीत तीच राहिली. त्रास झालाच, तर शुद्ध ऑक्सिजन देतात आणि रुग्णाला दाबाच्या कक्षात ठेवून दाब हळूहळू उतरवतात.

हॉल्डेन १९३६ साली वारले. पाण्यात उतरलेला तो मुलगा म्हणजे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

तेव्हा मुलांनो, हौस जरूर करा. वर येताना श्वास रोखू नका, घाई करू नका, आणि नंतर किमान एक दिवस विमानात बसू नका. सांधे दुखले किंवा हातपाय बधिर झाले, तर आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.