रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : १४ जानेवारी १८८२, मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे महाराष्ट्रातील विचारवंत, लेखक, गणिताचे प्राध्यापक आणि भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे प्रवर्तक होते. लैंगिक विषयांचे शास्त्रशुद्ध ज्ञान सामान्य माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळावे, यासाठी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक सुमारे सव्वीस वर्षे एकहाती चालवले. त्यांनी १९२१ साली मुंबईत सुरू केलेले संततिनियमन केंद्र हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. शिक्षणमहर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. मराठीत त्यांचा उल्लेख बहुधा 'र. धों.' असा आद्याक्षरांनीच केला जातो.

बालपण आणि शिक्षण

कर्वे घराणे मूळचे कोकणातील दापोलीजवळच्या मुरूड गावचे. रघुनाथांच्या आई राधाबाई यांचा विवाह त्या काळाच्या रीतीप्रमाणे बालवयातच झाला होता. १८९१ साली बाळंतपणात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली आणि पुण्यात त्यावरून मोठे वादळ उठले. आईच्या मृत्यूचा आणि पुढे रघुनाथांनी निवडलेल्या कार्याचा थेट संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो सिद्ध करणे अवघड असले, तरी लहान वयातील लग्ने आणि वारंवारची बाळंतपणे यांची किंमत त्यांच्या पिढीने घरातच पाहिली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई (लग्नानंतर आनंदीबाई, घरात 'बाया') या विधवेशी पुनर्विवाह केला आणि कुटुंबाला सामाजिक बहिष्काराला तोंड द्यावे लागले. शंकर, दिनकर आणि भास्कर हे रघुनाथांचे सावत्र भाऊ. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे या दिनकरांच्या पत्नी.

रघुनाथांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ सालच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ची पदवी मिळवली. वडिलांप्रमाणेच त्यांचाही विषय गणित हाच होता. पुढे उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. तेथे आत्मसात केलेल्या फ्रेंच भाषेचा आणि युरोपातील लैंगिक विषयांवरील साहित्याशी झालेल्या परिचयाचा त्यांच्या लेखनावर कायमचा ठसा उमटला.

संततिनियमन केंद्र आणि नोकरीचा त्याग

१९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले प्रसिद्ध संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्वे यांनी मुंबईत असे केंद्र सुरू केले. त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेले होते आणि त्यातील एका प्राध्यापकाने संततिनियमनाच्या साधनांचा जाहीर पुरस्कार करावा, हे व्यवस्थापनाला मान्य होणे शक्य नव्हते. कर्वे यांनी कार्य सोडण्याऐवजी नोकरी सोडली. त्यानंतर त्यांना स्थिर उत्पन्न जवळजवळ कधीच लाभले नाही.

संसाराचा आर्थिक भार मोठ्या प्रमाणात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी उचलला. या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि कर्वे यांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. केंद्राच्या कामातही मालतीबाईंचा सहभाग होता. तपासणीसाठी आणि सल्ल्यासाठी येणाऱ्या स्त्रिया पुरुषापाशी मोकळेपणाने बोलणे त्या काळी दुरापास्त होते, हे लक्षात घेतले म्हणजे या सहभागाचे महत्त्व कळते. कर्वे यांच्याविषयीच्या बऱ्याच लेखनात मालतीबाईंचा उल्लेख एकदोन वाक्यांत संपतो, ही उणीव ठळक आहे.

१९२३ साली त्यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर गुप्तरोगांपासून बचाव, वेश्याव्यवसाय, आहारशास्त्र अशा विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली. १९३४ साली प्रसिद्ध झालेले 'आधुनिक कामशास्त्र' हे त्यांचे सर्वाधिक परिचित पुस्तक होय.

समाजस्वास्थ्य

'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक जुलै १९२७ मध्ये निघाला. व्यक्तीचे आणि समाजाचे शारीरिक व मानसिक आरोग्य हा या मासिकाचा जाहीर विषय होता, आणि त्यात लैंगिक प्रश्नांना मुख्य स्थान होते. संपादन, लेखन, भाषांतर, मुद्रितशोधन आणि वितरण यांपैकी बहुतेक कामे कर्वे स्वतःच करीत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नतेत लाज वाटण्याजोगे काही नाही, हे दाखवण्याचा हेतू त्यामागे होता. प्रत्यक्षात या चित्रांमुळे अंक घरात उघडपणे ठेवणे अनेकांना कठीण झाले आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला जात होता त्यांच्यापैकी कित्येकांपर्यंत तो पोहोचला नसावा. कर्वे यांनी मात्र खपासाठी तडजोड केली नाही.

मासिकात लेखांबरोबरच समकालीन घडामोडींवर टीका करणारे 'शारदेची पत्रे' हे सदर असे. तथापि सर्वांत महत्त्वाचा भाग ठरला तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा. वाचक नाव गुप्त ठेवून आपली शंका लिहून पाठवीत आणि कर्वे तिला थोडक्यात, अलंकाररहित भाषेत उत्तर देत. हस्तमैथुनाने शक्तिपात होतो का, वीर्यनाशाने क्षय होतो का, स्वप्नावस्था हा रोग आहे का, पत्नीला समागमात सुख का वाटत नाही, गर्भ राहू नये म्हणून कोणते साधन वापरावे, गुप्तरोग झाला असता लग्न करावे का, अशा प्रकारच्या प्रश्नांनी हे सदर भरलेले असे. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या अभ्यासकांनी या पत्रव्यवहाराचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. प्रश्न विचारणाऱ्यांत मध्यमवर्गीय पुरुषांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांच्या मनात भीती किती खोलवर रुजली होती, हे त्यातून दिसून येते.

या भीतीचे मूळ अज्ञानात होते. ब्रह्मचर्याचा गौरव करणारी पुस्तके, शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती आणि वडीलधाऱ्यांचे मौन या तिन्हींच्या कात्रीत त्या काळचा तरुण सापडलेला होता. शाळेत शरीरशास्त्र शिकवले गेलेच, तर त्यात जननेंद्रियांचा उल्लेख नसे. घरी विचारावे तर प्रश्नच पाप ठरे. अशा तरुणाला आपल्या शरीरात घडणारे बदल हा रोग नाही, एवढे सांगणारा मराठीतील जवळजवळ एकमेव आवाज 'समाजस्वास्थ्य'चा होता. उत्तरे कधी कधी तुटक, क्वचित उपहासगर्भ असत. तरीही पत्रे येत राहिली.

अश्लीलतेचे खटले

भारतीय दंड संहितेच्या २९२ व्या कलमानुसार अश्लील साहित्याच्या प्रकाशनाबद्दल शिक्षा होत असे. अश्लीलता ठरवण्यासाठी न्यायालये १८६८ सालच्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्यातील कसोटी वापरीत. ज्यांची मने वाईट प्रभावाला सहज बळी पडू शकतात, अशा व्यक्तीच्या हाती ते लेखन पडले तर ती बिघडेल का, असा या कसोटीचा आशय होता. म्हणजे प्रौढांसाठीच्या लेखनाचे मोजमापही सर्वांत अपरिपक्व वाचक समोर ठेवून केले जाई. स्वातंत्र्यानंतरही ही कसोटी भारतात दीर्घकाळ टिकली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१४ साली बाजूला ठेवली.

१९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल कर्वे यांच्यावर पहिला खटला झाला आणि त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. आक्षेप घेतलेल्या उत्तरांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे विषय होते. या खटल्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. तोपर्यंत आंबेडकर गोलमेज परिषदांना उपस्थित राहून आलेले राष्ट्रीय नेते होते आणि अशा बदनाम खटल्यात उभे राहून त्यांना राजकीय लाभ काहीच नव्हता. लैंगिक विषयावर कोणी प्रामाणिकपणे प्रश्न विचारला, तर त्याला ज्ञान देणे हेच योग्य उत्तर ठरते. आणि लैंगिक शिक्षणाला वाहिलेल्या मासिकाने तेच केले, तर केवळ विषयामुळे त्याला अश्लील म्हणता येणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. विकृती म्हणून जे हिणवले जाते त्याकडे आधुनिक शास्त्र वेगळ्या दृष्टीने पाहते, हेही त्यांनी न्यायालयापुढे मांडले. न्यायालयाला ते पटले नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला तरी मासिक बंद पडले नाही.

विचार

कर्वे हे बुद्धिप्रामाण्यवादी आणि निरीश्वरवादी होते. संततिनियमनाचा पुरस्कार त्यांच्या समकालीनांपैकी इतरांनीही केला. ना. सी. फडके यांनी या विषयावर लिहिले, डॉ. ए. पी. पिल्ले यांनी मुंबईतून इंग्रजी नियतकालिक काढले, आणि म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी केंद्रे उघडली. यांतील बहुतेकांचा भर लोकसंख्या, दारिद्र्य आणि मातेचे आरोग्य यांवर होता. कर्वे त्यापुढे गेले. समागमाचे सुख हा स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे आणि आपल्या शरीराबाबतचा निर्णय तिचा स्वतःचा आहे, असे ते मानीत. लग्न झाले म्हणजे नवऱ्याला पत्नीच्या शरीरावर मालकी मिळते, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. आज निरोगी नातेसंबंधांविषयी शिकवताना परस्परसंमती आणि समानता ही जी दोन तत्त्वे पायाभूत धरली जातात, ती मराठीत त्यांनी फार आधी मांडली होती.

महात्मा गांधी यांचा कृत्रिम साधनांना विरोध होता आणि संयम हाच त्यांच्या मते एकमेव मार्ग होता. कर्वे यांनी या भूमिकेवर सातत्याने टीका केली. सक्तीचे ब्रह्मचर्य आरोग्याला अपायकारक आहे, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या लेखनावर घेतले जाणारे काही आक्षेप रास्त आहेत. त्या काळच्या संततिनियमनवाद्यांत प्रचलित असलेल्या सुप्रजननशास्त्राच्या कल्पनांचा प्रभाव त्यांच्यावरही होता. शरीर आणि तर्क यांवर त्यांचा एवढा भर असे, की प्रेम, मत्सर, विश्वास यांसारख्या भावनिक बाजूंना त्यांच्या लेखनात मानाने कमी जागा मिळाली.

अखेरची वर्षे

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कार्यासाठी कर्वे यांनी नोकरी गमावली होती, ते आता सरकारी धोरण झाले होते. त्याचे श्रेय त्यांच्या हयातीत त्यांना फारसे मिळाले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक नोव्हेंबर १९५३ चा आहे. त्यांचे वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न मिळाले.

कर्वे यांच्या सहकारी आणि नातलग शकुंतला परांजपे यांनी हे कार्य पुढे चालवले. १९६४ ते १९७० या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या.

शालेय लैंगिक शिक्षणाच्या चर्चेतील स्थान

शाळांतून लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, या महाराष्ट्रातील वादात कर्वे यांचे नाव वारंवार घेतले जाते. केंद्र सरकारच्या पुढाकाराने सुरू झालेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला २००७ साली अनेक राज्यांत विरोध झाला. त्यातील चित्रे आणि मजकूर मुलांना बिघडवतील, असा आक्षेप होता. महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला. हिकलिन कसोटीतील सहज बिघडणारा वाचक येथे विद्यार्थ्याच्या रूपाने पुन्हा अवतरला, असे म्हणावे लागते. २०१२ साली बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा आल्यावर चर्चेचा रोख काहीसा बदलला. नकोसा स्पर्श कोणता, तो झाल्यास कोणाला सांगावे आणि नकार कसा द्यावा, हे मुलांना शिकवायचे तर अवयवांची नावे न घेता ते शिकवता येत नाही, ही अडचण शिक्षकांसमोर प्रत्यक्ष उभी राहिली. या नावांसाठी सभ्य आणि सर्वांना कळतील असे मराठी शब्द रूढ करण्याचा खटाटोप कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून केला होता.

चरित्रे आणि कलाकृती

य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहिले आहे. श्री. ज. जोशी यांची 'रघुनाथाची बखर' ही त्यांच्या जीवनावरील कादंबरी. अनंत देशमुख यांनी त्यांचे असंग्रहित लेखन संपादित करून पुन्हा उपलब्ध करून दिले. २००१ साली अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक २०१७ साली रंगभूमीवर आले. न्यायालयातील खटले हा त्याचा मुख्य विषय असून गिरीश कुलकर्णी यांनी त्यात कर्वे यांची भूमिका केली.