घुबडानं डोळा घेतला, तरी हा गडी पुन्हा घुबडांचेच फोटो काढायला गेला

दरवर्षी ‘बर्ड फोटोग्राफर ऑफ द इयर’ किंवा ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धांचे निकाल लागले की पुढचे दोन-चार दिवस सगळ्यांचं फीड पक्ष्यांनी भरून जातं. पाण्यात सूर मारणारा खंड्या, बर्फात बसलेलं घुबड, पिल्लाच्या चोचीत घास भरवणारी आई. आपण डबल टॅप करतो, एखाद्याला पाठवतो आणि पुढं सरकतो.

पण अशा फोटोंसाठी एका माणसानं स्वतःचा डोळा गमावला होता. आणि डोळा काढला होता घुबडानं.

त्या माणसाचं नाव एरिक हॉस्किंग. पक्ष्यांचे फोटो काढून त्यावर घर चालवता येतं, हे ब्रिटनमध्ये ज्यांनी सगळ्यात आधी करून दाखवलं, त्यांतला हा एक.

एरिकचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ चा, लंडनमधला. वडील अकाउंटंट. लहानपणी तब्येत यथातथाच, त्यामुळं अभ्यासातही फार चमक नव्हती. सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या हातात कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा पडला. हा त्या काळातला सगळ्यात साधा कॅमेरा, म्हणजे पुठ्ठ्याची एक पेटी, पुढं भिंग आणि बाजूला एक खटका. पोरगं तो घेऊन पक्ष्यांच्या घरट्यांमागं फिरायला लागलं.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि एका मोटार कंपनीत नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी पक्षी आणि बाकी दिवस नोकरी, असं गाडं सुरू होतं. १९२९ साली ती नोकरीही गेली. जगभर मंदीचे दिवस सुरू होत होते, दुसरी नोकरी मिळणं अवघड होतं.

अशा वेळी त्याला एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचं काम मिळालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भलामोठा एलिफंट सील होता. नुसता सीलचा फोटो काढला असता तर तो किती मोठा आहे हे वाचकाला कळलंच नसतं. एरिकनं सीलच्या जोडीला एक लहान मुलगी फ्रेममध्ये घेतली. आकाराचा अंदाज एका नजरेत आला, फोटो छापून आला आणि हातात पैसे पडले.

तिथून त्यानं ठरवलं की पोट भरायचं ते कॅमेऱ्यावरच. पण नुसत्या पक्ष्यांवर भागत नव्हतं, म्हणून लग्नं आणि लहान बाळं यांचेही फोटो काढायचा. गावोगावी जाऊन पक्ष्यांच्या स्लाइड दाखवत व्याख्यानं द्यायचा. मधल्या वेळात पक्षी.

आता त्या काळी पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे काय प्रकार होता, हे समजून घ्यायला हवं.

आज लांब पल्ल्याची लेन्स लावली की पन्नास-शंभर फुटांवरून पक्ष्याच्या डोळ्यातली चमक टिपता येते. एका सेकंदात वीस-तीस फोटो निघतात. १९३० च्या आसपास यातलं काहीच नव्हतं. कॅमेरा मोठा लाकडी, तिकाटण्यावर उभा केलेला. आत काचेची प्लेट. एका प्लेटवर एकच फोटो, मग ती काढायची, दुसरी घालायची. फोकस आधीच एका जागेवर ठरवून ठेवायचा आणि पक्षी नेमका तिथंच येईल याची वाट बघायची.

मग पक्षी हमखास त्याच जागी परत कुठं येतो? तर घरट्यावर. म्हणून त्या काळातले बहुतेक फोटो घरट्यापाशी काढलेले असायचे.

त्यासाठी बांधायचं ते लपण, म्हणजे आजच्या भाषेत हाईड. चार काठ्या, त्यावर कापड आणि लेन्सपुरतं एक भोक. हे लपण एकदम घरट्याजवळ नेलं तर पक्षी घाबरून घरटं सोडून जाण्याची भीती. म्हणून आधी लांब उभं करायचं, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्यायची, मग थोडं थोडं पुढं सरकवायचं. यातच दिवसच्या दिवस जायचे. घरटं झाडावर उंच असेल तर तेवढ्याच उंचीचा मचाण बांधून वर लपण ठेवायचं.

असंच एक लपण एरिकनं मे १९३७ मध्ये वेल्समधल्या डोलडाउलॉड या ठिकाणी बांधलं होतं. समोर घरटं होतं टॉनी आउल जातीच्या घुबडांचं. हे मध्यम आकाराचं, तपकिरी रंगाचं घुबड ब्रिटनच्या रानांत सर्रास आढळतं. एरवी माणसाच्या वाटेला जात नाही. पण घरट्यात पिल्लं असली की ते कुणालाही जवळ येऊ देत नाही.

रात्रीची वेळ होती. एरिक अंधारात लपणाकडं चढत होता. घुबडाच्या पंखांची रचना अशी असते की उडताना आवाज जवळपास होतच नाही. पंखांच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात, पिसांवर मऊ लव असते आणि हवा कापली जाण्याचा आवाज त्यात जिरून जातो. उंदरालाही चाहूल लागत नाही, ती याच कारणानं.

एरिकलाही लागली नाही. काही कळायच्या आत चेहऱ्यावर जोराचा तडाखा बसला आणि घुबडाची नखी त्याच्या डाव्या डोळ्यात रुतली.

त्याला दवाखान्यात नेलं. पण डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. १९३७ साली पेनिसिलिन औषध म्हणून मिळत नव्हतं, त्यामुळं संसर्ग आटोक्यात आणायला डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. त्यातच आणखी एक धोका होता. एका डोळ्याला खोल जखम झाली की कधीकधी त्याचा परिणाम दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावरही होतो आणि तोही जातो.

म्हणजे दोनच पर्याय होते. जखमी डोळा वाचेल या आशेवर थांबायचं आणि दोन्ही डोळे जाण्याचा धोका पत्करायचा. किंवा तो डोळा काढून टाकायचा.

वय २७, पोट फोटोग्राफीवर. त्यानं डोळा काढून टाकायचा निर्णय घेतला.

एक डोळा गेला की अंतराचा अंदाज चुकायला लागतो. वस्तू किती लांब आहे हे मेंदू दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळवून ठरवत असतो. चढ-उतार करताना, झाडावर चढताना त्याची किंमत कळते. पण कॅमेऱ्यालाही एकच डोळा असतो, आणि लेन्समागं उभं राहणारा माणूसही बहुतेक वेळा दुसरा डोळा मिटूनच घेतो. एरिकनं काम सोडलं नाही.

बरं, त्यानं निदान घुबडं तरी सोडावीत? तेही नाही. बरा झाल्यावर तो पुन्हा घुबडांच्या घरट्यांकडं गेला. फरक इतकाच, की आता तोंडावर तलवारबाजीतला जाळीचा मुखवटा असायचा.

आपल्याकडं घुबड नुसतं दिसलं तरी लोक अपशकुन म्हणून दगड मारतात. इथं घुबडानं खरोखरच डोळा घेतला होता. पण एरिकच्या लेखी पिल्लांसाठी घुबडानं जे करायचं तेच केलं होतं, तिथं उगवला होता तो माणूस.

या घटनेची एक गंमतशीर बाजूही आहे. घुबडानं डोळा काढलेला फोटोग्राफर ही बातमी वर्तमानपत्रांनी उचलून धरली. जे नाव थोड्याच लोकांना माहीत होतं, ते घरोघरी पोहोचलं. कामं यायला लागली, व्याख्यानांना गर्दी व्हायला लागली. डोळा गेला आणि करिअर उभं राहिलं, असा उलटाच हिशेब झाला.

पुढं १९४५ साली सिरिल न्यूबेरी यांच्यासोबत त्याचं ‘बर्ड्स ऑफ द नाइट’ हे पुस्तक आलं. विषय होता रात्री वावरणारे पक्षी, म्हणजे अर्थातच घुबडं.

रात्रीच्या फोटोंसाठी त्यानं बरेच उद्योग केले. आधी एकदाच पेटणारे फ्लॅश बल्ब वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, तेव्हा तो पक्ष्यांसाठी वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांमध्ये एरिक होता. हा फ्लॅश इतक्या कमी वेळासाठी चमकतो, की उडत्या पक्ष्याचे पंखही हवेत थिजल्यासारखे दिसतात. प्रकाशाचा किरण वापरून पक्ष्याकडूनच फोटो काढून घ्यायची युक्तीही त्यानं वापरली. पक्षी त्या किरणातून गेला की शटर आपोआप पडायचं.

१९४८ साली त्यानं गव्हाणी घुबडाचा एक फोटो काढला. तोंडात शिकार, दोन्ही पंख पसरलेले, एखाद्या राजचिन्हावर कोरल्यासारखं घुबड. हा त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक. हेच गव्हाणी घुबड महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत आणि गोदामांतही सापडतं.

१९४५ पासून निघालेल्या ‘न्यू नॅचरलिस्ट’ या ब्रिटनमधल्या प्रसिद्ध ग्रंथमालेचा तो फोटो संपादक होता. १९५६ आणि १९५७ साली गाय माउंटफोर्ट यांच्या मोहिमेबरोबर तो दक्षिण स्पेनमधल्या कोटो दोन्याना या पाणथळ प्रदेशात गेला. त्या मोहिमांमध्ये ‘युनेस्को’चे पहिले महासंचालक ज्युलियन हक्सली होते, आणि महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे प्रमुख असलेले फील्ड मार्शल अ‍ॅलनब्रुकही होते. १९५८ साली आलेल्या पुस्तकातून, एरिकच्या फोटोंमधून, हा प्रदेश जगाला दिसला. माउंटफोर्ट आणि हक्सली पुढं १९६१ मध्ये ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ उभारण्यात होते. १९६९ साली दोन्याना राष्ट्रीय उद्यान झालं.

१९७० साली एरिकचं आत्मचरित्र आलं. नाव होतं ‘अ‍ॅन आय फॉर अ बर्ड’. पक्षी हेरणारी नजर असाही त्याचा अर्थ होतो आणि पक्ष्यापायी दिलेला डोळा असाही. १९७७ मध्ये त्याला ‘ओबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी एरिक गेला.

आता पुन्हा स्पर्धांकडं येऊ. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ सुरू झाली १९६५ साली. पहिल्या वर्षी काहीशे फोटो आले होते, आता ५० हजारांहून जास्त येतात. आणि पहिल्याच वर्षी विजेता ठरलेला फोटो कशाचा होता? टॉनी आउलचा.

१९९१ पासून या स्पर्धेत १८ ते २६ वयाच्या फोटोग्राफर्ससाठी एरिक हॉस्किंगच्या नावानं बक्षीस सुरू झालं. बरीच वर्षं ते दिलं गेलं. अट अशी की एक लकी फोटो चालणार नाही, सहा फोटोंचा संच द्यायचा. फ्रान्सच्या व्हँसाँ म्युनिए यानं हे बक्षीस सलग ३ वेळा, २००० ते २००२ या काळात जिंकलं. आज तो जगातल्या मोठ्या वन्यजीव फोटोग्राफर्समध्ये गणला जातो.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र बदलली. एरिकच्या पिढीनं घरट्यापाशी बसून फोटो काढले, कारण त्यांच्या कॅमेऱ्याला दुसरा मार्गच नव्हता. आज लेन्स लांब पोहोचते, त्यामुळं ती सबब उरलेली नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यानुसार ठरावीक पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊन त्यांना त्रास होईल असं काही करायला परवाना लागतो, आणि गव्हाणी घुबड त्या यादीत आहे. म्हणजे गव्हाणी घुबडाच्या घरट्यासमोर लपण बांधायचं, तर आज खुद्द एरिकलाही आधी अर्ज करावा लागला असता.

मोबाइल हातात घेऊन घरट्यात डोकावण्याआधी आपणही एवढं आठवलं तरी पुरे. घुबड तेव्हाही पिल्लांसाठीच धावून आलं होतं. एरिककडं निदान दुसरा डोळा होता. माणसाला घाबरून पक्ष्यानं घरटं सोडलं, तर आतल्या पिल्लांकडं दुसरं काहीच नसतं.