जर्मन प्रबंध आणि मराठीतील ‘मी’

परक्या देशात, नव्याने शिकलेल्या भाषेत प्रबंध लिहायचा आणि आपल्या मार्गदर्शकाचे गृहीतक पुराव्याला उतरत नाही, असे त्यातच नमूद करायचे, ही कोणत्याही विद्यार्थ्याची कसोटीच. समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका डॉ. इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनमध्ये ती दिली, तेव्हा त्या पंचविशीच्याही आत होत्या.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. त्या देशातील मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ‘इरावती’ ठेवण्यात आले. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याच्या हुजूरपागेत धाडले गेले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कुटुंबात ती मुलीसारखी वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन १९२६ मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या.

घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. विषय आपल्याच ज्ञातीचा, भाषा मात्र इंग्रजी. ज्या चालीरीती घरात सहज बोलल्या आणि पाळल्या जात, त्यांच्याकडे दुरून, शास्त्राच्या शब्दांत पाहण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव. पुढील चाळीस वर्षांच्या लेखनाचे बीज त्यात दिसते.

दरम्यान, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रसायनशास्त्रज्ञ दिनकररावांचे उच्च शिक्षण जर्मनीत झाले होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांना मात्र सुनेने पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जाणे पसंत नव्हते. दिनकरराव ठाम राहिले, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला रवाना झाल्या.

तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ असून त्याची खूण कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानतेत सापडेल, अशी त्यांची धारणा होती. ते तपासण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले. निरनिराळ्या मानवसमूहांच्या कवट्यांची मोजमापे घेतल्यावर वंश आणि असमानता यांचा संबंध जुळेना. इरावतीबाईंनी तसा निष्कर्ष जर्मनमध्येच लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. १९३३ नंतर फिशर आणि त्यांची संस्था नाझी वंशधोरणाच्या सेवेत रुजू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते. अर्थात मोजमापांचे शास्त्र त्यांनी टाकले नाही. महाराष्ट्रातील जातीजमातींच्या अभ्यासात शरीरमापन त्या पुढेही करीत राहिल्या.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे. पण त्याचा कणा भारतीय भाषांचा. संस्कृत, पाली आणि अर्धमागधी ग्रंथांपासून आजच्या बोलींपर्यंत नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले आणि भाषा व नातेव्यवस्था यांच्या आधारे देशाचे विभाग पाडले. सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची मराठी घरातील जुनी रीत घ्या. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी विवाह होणाऱ्या समाजाचा इतिहास अशा शब्दांत साठलेला असतो. अनेक भाषा येणे ही त्यांच्यासाठी केवळ सोय नव्हती. ते संशोधनाचे साधन होते.

शास्त्रीय ग्रंथात न मावणारी व्यक्ती मात्र मराठीत प्रकटली. ‘परिपूर्ती’ या लेखात सभेत आपली ओळख कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. पुढे रस्त्यावरची शाळकरी मुले वर्गमित्राची आई म्हणून आपल्याला ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते, असा तो अनुभव आहे. त्यातील मिश्किलपणा आणि खोच वाचकाने स्वतःच निवडायची. बर्लिनच्या प्रबंधात या ‘मी’ला जागा नव्हती.

‘युगान्त’मध्ये या दोन्ही वाटा एकत्र आल्या. महाभारतातील व्यक्तींकडे संशोधकाच्या तटस्थतेने आणि माणसाच्या जिव्हाळ्याने पाहणारे हे लेखन आधी मराठीत झाले. १९६८ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढील वर्षी इरावतीबाईंनी स्वतःच ते इंग्रजीत आणले. प्रथम इंग्रजीत विचार आणि मग मराठीत त्याची सावली, हा विद्यापीठीय शिरस्ता येथे उलटा झाला.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. घरची भाषा एक आणि प्रबंधाची दुसरी, अशी स्थिती आजही असंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. परकी भाषा पूर्ण कसाने शिकावी, तिच्यात निर्भयपणे लिहावे आणि त्यासाठी आपली भाषा गहाण टाकू नये, हा धडा त्यांना इरावतीबाईंच्या ग्रंथसंपदेत मिळेल.