उलट्या दिशेचं तिकीट

आमच्या हॉस्टेलवर थर्ड इयर सुरू झालं की मुलींचे दोन गट पडतात. एक कॅम्पससाठी ॲप्टिट्यूड सोडवणारा आणि दुसरा जीआरईचे शब्द पाठ करणारा. मी दुसऱ्या गटातली. भिंतीवर शब्दांच्या चिठ्ठ्या, उशाशी जाडजूड पुस्तक आणि घरी फोन केला की आजीचा ठरलेला प्रश्न, परत कधी येणार? अहो, अजून गेलेच नाही तर परत कधी येणार ते काय सांगू!

अशाच एका रविवारी मेसला सुट्टी होती म्हणून मैत्रिणीबरोबर बाहेर जेवायला निघाले होते. वाटेत वायल्डर मेमोरियल चर्चची पाटी दिसली. तशी ती आधीही पाहिली होती. फर्स्ट इयरला तर वायल्डर म्हणजे जास्त जंगली असा अर्थ लावून आम्ही हसलोसुद्धा होतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहा वर्षं रोज सकाळी हात जोडून इंग्रजी प्रार्थना म्हटली, नाताळच्या नाटकात दोनदा मेंढपाळ झाले, पण ही मंडळी आपला देश सोडून इतक्या लांब का आली, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. (आमच्या सिस्टर कॅथलिक आणि हे वायल्डर प्रोटेस्टंट, हा फरकसुद्धा मला आत्ता कळला.) त्या दिवशी मात्र वाटलं, आपण इथून अमेरिकेला जायला धडपडतोय आणि हा माणूस अमेरिकेतून कोल्हापूरला आला. कोण होता हा? मग सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसले.

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रिडपोर्ट गावचा. १८३९ मध्ये ते मिडलबरी कॉलेजातून पदवीधर झाले. काही वर्षं मास्तरकी केली आणि मग अँडोव्हरच्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकून १८४५ मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी एलायझा जेन स्मिथ या मुलीशी लग्न झालेले वायल्डर जहाजात बसले ते हिंदुस्थानला यायला. वय तिशीच्या आतलं. नवा संसार आणि पहिलंच घर समुद्रापार.

तो प्रवास कसा असेल याचा जरा विचार करा. सुएझ कालवा सुरू झाला १८६९ ला. म्हणजे १८४६ मध्ये अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं, शिडाच्या जहाजातून, चार-पाच महिने. मुंबईला उतरल्यावर पुढे रेल्वे नाही, कारण बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली १८५३ साली. घाट चढायचा तो बैलगाडीनं, घोड्यावर नाहीतर पालखीतून. घरी पत्र टाकलं तर उत्तर यायला कित्येक महिने जाणार. आमच्याकडे वायफाय अर्धा तास गेलं तर वॉर्डनच्या केबिनसमोर मोर्चा निघतो.

त्यांना पाठवणारी संस्था बोस्टनची, अमेरिकन बोर्ड या नावाची. तिचे लोक १८१३ पासून मुंबईत होते आणि १८३१ पासून अहमदनगरला. वायल्डर दांपत्य आधी नगरला गेलं. तिथे ते मराठी शिकले, शाळा सांभाळल्या. त्या काळात नगरच्या मिशनमध्ये मिस सिंथिया फॅरार मुलींची शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी हीच शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. म्हणजे ज्या गावात, ज्या वर्षांत ही ठिणगी पडली, तिथेच वायल्डरही शाळांचं काम करत होते. शाळेबद्दलचा त्यांचा पुढचा हट्ट मला इथूनच आलेला वाटतो. हा माझा अंदाज, पण तो चुकीचा नसावा.

१८५२ मध्ये ते कोल्हापूरला आले. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे १८४४ चं गडकऱ्यांचं बंड होऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. अंबाबाईचं हे गाव, इथे देवळांची आणि जातींची घडी पक्की बसलेली. अशा गावात एक गोरा माणूस बायकोला घेऊन राहायला येतो आणि मराठीत सांगतो की तुमचा धर्म सोडा. लोकांना आवडेल का? नाहीच आवडलं. मला विचाराल तर मलाही ते खटकतं. माझी आजी रोज देवपूजा करते, तिला कोणी येऊन असं सांगितलं तर मी भांडेन. पण वायल्डर नुसतं सांगत फिरले नाहीत, त्यांनी शाळा उघडल्या. आणि शाळेत मुलं आली. धर्म नको पण शाळा पाहिजे, हा कोल्हापूरकरांचा हिशेब तेव्हाही पक्का होता.

नेमक्या याच ठिकाणी भांडणाला तोंड फुटलं. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचं म्हणणं असं होतं की मिशनरी शाळामास्तर होण्यासाठी पाठवलेला नाही. त्यानं लोकांच्या भाषेत उपदेश करावा, इथल्या माणसांतूनच पाळक तयार करावेत आणि पुढे निघावं. इंग्रजी शाळांवर पैसा आणि माणसं खर्ची पडतात, मुलं शिकून सरकारी नोकरीला जातात, चर्चला काय मिळतं? दौऱ्यानंतर बऱ्याच शाळा बंद झाल्या. अँडरसन काही वाईट माणूस नव्हता. इथली मंडळी इथल्याच लोकांनी चालवावीत, परक्यांनी कायम डोक्यावर बसू नये, हा त्याचा विचार आज वाचला तर पटतोसुद्धा. वायल्डरना मात्र हे मान्य नव्हतं. ज्या घरात उपदेशकाला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्याच घरातलं पोर शाळेत येऊन समोर बसतं, हे ते रोज बघत होते. एसी ऑफिसातला क्लायंट रिक्वायरमेंट बदलतो आणि साइटवरचा इंजिनिअर डोकं धरतो, असंच काहीसं.

१८५७ मध्ये वायल्डरांची तब्येत ढासळली आणि कुटुंब अमेरिकेला परतलं. त्याच वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातही सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं, ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट. तिकडे अमेरिकेत वायल्डर बरे झाले आणि परत जातो म्हणाले. बोर्डानं पाठवायला नकार दिला. धोरण पटत नसलेला, वर उघड वाद घालणारा माणूस कोणत्या संस्थेला परत हवा असतो?

इथे कोणीही थांबला असता. वय चाळिशीच्या पुढे, प्रकृती तोळामासा, पदरी बायकोमुलं, मागे संस्था नाही म्हणजे पगार नाही. गावात एखादं चर्च मिळालं असतं, सुखानं राहिले असते. वायल्डरांनी काय केलं? १८६१ मध्ये हिंदुस्थानातल्या मिशन शाळांवर एक पुस्तक छापून आपली बाजू लोकांपुढे मांडली आणि त्याच वर्षी कुटुंबासह पुन्हा कोल्हापूरचा रस्ता धरला. स्वतःच्या जबाबदारीवर. खर्च ओळखीपाळखीच्या लोकांच्या देणग्यांवर. आणि अमेरिकेत त्याच वर्षी यादवी युद्ध पेटलेलं, म्हणजे देणारे स्वतःच अडचणीत.

पहिल्यांदा आले तेव्हा तरुण होते, बोर्डाचा पगार होता, जोश होता. ते मी समजू शकते. पण सगळं माहीत झाल्यावर, इथला उन्हाळा, आजारपण, लोकांची नाराजी, सगळं अंगावर घेऊन झाल्यावर दुसऱ्यांदा येणं, तेही बिनपगारी? हा भाग मी दोनदा वाचला. यात मला एलायझाबाईंचं जास्त वाटतं. हट्ट नवऱ्याचा, पण महिनाअखेरीला घर चालवायचं कोणी? भांडण झालं ते अँडरसन आणि वायल्डर यांच्यात. सामान बांधलं असणार एलायझाबाईंनी.

अशी नऊ वर्षं गेली. १८७० मध्ये कोल्हापूरचं मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या बोर्डानं आपल्याकडे घेतलं, तेव्हा कुठे वायल्डरांच्या मागे परत संस्था उभी राहिली. (याच १८७० साली आपले राजाराम महाराज युरोपहून परतताना फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. माझ्याएवढेच.) याच मिशनच्या शाखेत पुढे १८८९ मध्ये डॉक्टर वॉनलेस आले आणि त्यांनी मिरजेचा दवाखाना उभा केला. मिरजेचा दवाखाना सगळ्यांना माहीत, पण त्याची मुळी कोल्हापूरच्या या बिनपगारी माणसापर्यंत जाते हे मला तरी माहीत नव्हतं.

वायल्डरांच्या सुमारे तीस वर्षांच्या कामाचा हिशेब त्यांच्या लोकांनी मांडून ठेवलाय. तीन हजारांवर गावांत उपदेश, तीस लाखांवर छापील पानांचं वाटप आणि शाळांतून तेहतीसशेवर विद्यार्थी, त्यांत तीनशे मुली. सवयीनं कॅल्क्युलेटर काढला. तीस लाख पानं म्हणजे रोजची पावणेतीनशे, तीस वर्षं, एकही सुट्टी न घेता. मुली नऊ टक्के. हसू नका, आमच्या मेकॅनिकलच्या वर्गाला आजही या आकड्याच्या फार पुढे जाता आलेलं नाही. शिवाय मराठी बायबलच्या भाषांतराच्या कामात त्यांचा हात होता आणि शुभवर्तमानांवर त्यांनी मराठीत टीका लिहिली. धर्म किती जणांनी बदलला म्हणाल, तर या आकड्यांपुढे ती संख्या किरकोळच. तेहतीसशे शिकले आणि बहुतेक जण आपापल्या देवघरात परत गेले. वायल्डरांना याचं दुःख झालं असणार. मला मात्र ही बाकी बरी वाटते.

२ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरात त्यांना मुलगा झाला, रॉबर्ट. अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत तो इथेच वाढला. मग मुलांच्या शिक्षणासाठी वायल्डर कुटुंब अमेरिकेला गेलं आणि प्रिन्स्टनला स्थायिक झालं. आता हा रॉबर्ट लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रिन्स्टनमध्ये शिकताना १८८३ मध्ये त्यानं परदेशी मिशनचं काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट काढला. घरात बैठका व्हायच्या. मोठी बहीण ग्रेस माउंट होलिओकला शिकलेली, तीही याच विचाराची. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे अडीचशे कॉलेज विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथून निघेपर्यंत रॉबर्टनं शंभर जणांची नावं गोळा केली होती, परदेशात जाऊन काम करणार म्हणून. पुढच्या वर्षभरात जॉन फोरमन या मित्राबरोबर दीडशेवर कॉलेजं पालथी घातली आणि दोन हजारांवर नावं जमवली. यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली, तिच्यातून पुढच्या काही दशकांत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी आपापले देश सोडून जगभर गेले. चळवळ सुरू करणारा कोण? तेवीस वर्षांचा, कोल्हापुरात जन्मलेला पोरगा! आमच्याकडे टेक-फेस्टला शंभर एन्ट्री गोळा करताना नाकी नऊ येतात.

पण कॉलेजांच्या दौऱ्यावर निघायच्या वेळी घरी वडील आजारी होते. म्हातारपण, ढासळलेली तब्येत, मुलगा जवळ हवासा वाटण्याचं वय. रॉबर्टला जावं की राहावं कळेना. वायल्डरांनी त्याला जा म्हणून सांगितलं. स्वतः १८४६ मध्ये आईवडिलांना मागे ठेवून जहाजात चढलेला माणूस, तो मुलाला थांब कसं म्हणणार? आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली की बापानं जा म्हटलं तरी पोरानं ओळखायचं असतं. मी काही बोलले नाही.

वायल्डर प्रिन्स्टनलाही स्वस्थ बसले नव्हते. १८७८ मध्ये त्यांनी मिशनच्या कामावरचं मासिक सुरू केलं आणि दहा वर्षं स्वतः चालवलं. त्यात चुकलेल्या हिशेबांवर आणि संस्थांच्या कारभारावर ते खडखडीत लिहीत. स्वभाव काही बदलला नव्हता. १८८७ मध्ये त्यांनी ते मासिक दुसऱ्यांच्या हाती सोपवलं. कशासाठी? तर कोल्हापूरला परत यायचं होतं. सत्तरी उलटलेली, तब्येत हातची गेलेली आणि हा गृहस्थ तिसऱ्यांदा निघायच्या तयारीत! १० ऑक्टोबर १८८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. जहाजावर चढायचं राहून गेलं.

जाणं रद्द होईल असं कोणालाही वाटलं असतं. ज्यांच्यासाठी जायचं तेच गेले. रॉबर्ट तिकडे आपल्या चळवळीत. तरीही एलायझाबाई आणि ग्रेस, दोघी मायलेकी, त्याच वर्षी हिंदुस्थानला निघाल्या. एलायझाबाईंनी साठी ओलांडली होती. आता सुएझ होता, आगबोटी होत्या, महिने जाऊन आठवडे आले होते. कोल्हापूरला मात्र रेल्वे अजून यायची होती, ती आली १८९१ ला. म्हणजे शेवटचा टप्पा पुन्हा बैलगाडीचा, एकेचाळीस वर्षांपूर्वीसारखाच, फक्त शेजारी नवऱ्याऐवजी मुलगी.

पुढे ग्रेसनं तेव्हाच्या इस्लामपूरला, म्हणजे आताच्या ईश्वरपूरला, खेड्यापाड्यांतल्या बायकांमध्ये काम केलं. आमच्या हॉस्टेलवरून एसटीनं दीड-दोन तासांचा रस्ता. आमच्या विंगमधली एक मुलगी तिथलीच आहे. तिला ग्रेस वायल्डर माहीत नव्हती. आता आहे.